पंखाखालची जागा

कोंबड्या-शेळ्याही माणसांसारखी फुशारकी मारायच्या, तेव्हाची ही गोष्ट. ज्वारी कापताना तितराचं एक बेवारस अंडं सापडलं. मालकिणीनं ते तांबड्या कोंबडीच्या अंड्यांत ठेवून दिलं. पिल्लं बाहेर आली, त्यांत तितराचंही आलं, बारीकसं, मातीच्या रंगाचं.

तांबडी अंगणातल्या शेळीला सांगायची, "माझ्याकडे दुजाभाव नाही बाई. दाणा दिसला की आधी त्यालाच हाक मारते." आणि ते खरंच होतं.

एका दुपारी अंगणावरून घारीची सावली सरकली. तांबडीनं पंख पसरले. मागं राहिलेलं तिचं लंगडं पिल्लू आत येईपर्यंत ते उघडे राहिले आणि लगेच मिटले. त्याच्या मागोमाग धावत आलेलं तितराचं पिल्लू बाहेरच राहिलं. ते तिथंच मातीला चिकटून पडलं. घारीला ते दिसलं नाही, म्हणून वाचलं.

तांबडीची मान वर होईना. "मुद्दाम नाही गं केलं," ती शेळीला म्हणाली. "विचार करायला वेळच कुठं होता?"

"वेळ होता तेव्हा तू त्याला दाणा दिलास," शेळी म्हणाली. "हे वेळ नव्हता तेव्हाचं."

संध्याकाळी तांबडीनं सगळ्यांआधी त्यालाच जवळ बोलावलं. ते आलं, पण पंखाच्या कडेलाच बसलं.

"आई," त्यानं साधेपणानं विचारलं, "पुन्हा घार आली, तर मी पळत येऊ की तिथंच पडून राहू?"

तांबडीला 'पळत ये' म्हणायचं होतं. पण आपल्याच पंखांची हमी तिला देता येईना.