आंबेखोलची साठ दाण्यांची घटिका

आंबेखोलच्या लक्ष्मीकेशवाच्या सभामंडपात, घंटेच्या शेजारी, तांब्याची एक वाटी टांगलेली आहे. तिच्या बुडाला बारीकसं भोक आहे आणि त्या भोकात तांदळाचा एक दाणा अडकलेला आहे. दाणा पहिल्यापासूनचाच, असं देवळाचे गुरव सांगतात. उंदरांचं मत कोणी विचारलेलं नाही. पाहुणे देवाआधी वाटीकडे पाहतात, म्हणून गुरवही देवाची कथा थोडक्यात आटोपतात आणि वाटीची सावकाश सांगतात.

वाटी म्हणजे घटिकापात्र. पाण्यावर सोडलं की भोकातून हळूहळू भरतं आणि बुडतं. तेवढा काळ म्हणजे एक घटिका, म्हणजे साठ पळं, आजची चोवीस मिनिटं. फार पूर्वी इथे हेरंबशास्त्री नावाचे ज्योतिषी होऊन गेले, म्हणे. त्यांच्या पाठशाळेत दहा गावचे विद्यार्थी संस्कृत शिकत, आणि आसपासचं एकही लग्न त्यांच्या पात्रावाचून लागत नसे. त्यांनी देवापुढे प्रतिज्ञाच केली होती, की हे पात्र चुकलं तर या तोंडाने पुन्हा वेळ सांगणार नाही. पात्र कधी चुकलं नाही. त्यामुळे शास्त्रीबुवांचं फारसं कोणाशी पटतही नसे.

त्यांच्या लेकीचं, द्वारकीचं लग्न ठरलं, ते सिंहस्थ लागण्याच्या आदल्या दिवशी. सिंहस्थात वर्षभर लग्नं नाहीत. मुलाचे मामा विसाजीपंत वर्षभर थांबणाऱ्यांतले नव्हते. आणखी दोन मुलींच्या पत्रिका त्यांच्या पडशीतच होत्या. द्वारकीने मात्र मुलाला जत्रेत एकदा पाहिलं होतं आणि तिला तेवढं पुरलं होतं.

मुहूर्त होता सूर्योदयापासून बारा घटिका भरल्यावर, पुढच्या वीस पळांच्या आत. अकरा वेळा पात्र बिनचूक बुडालं. बाराव्या खेपेला, लेकीचं लग्न म्हणून, शास्त्रीबुवांनी पात्राची पूजा करताना नेहमीपेक्षा मूठभर जास्त अक्षता वाहिल्या आणि ते पाण्यावर सोडलं. टोल पडला. आत माजघरात द्वारकी गौरीहराशी बसली होती, पुढ्यात तांदळाची रास.

बराच वेळ गेला. खांबाची सावली पायरी उतरून गेली. शास्त्रीबुवांना ती दिसत होती, पण ते तिच्याकडे पाहत नव्हते. पात्र पाण्यावर मजेत तरंगत होतं.

"शास्त्रीबुवा," विसाजीपंत म्हणाले, "तुमचं पात्र पोहायला शिकलं वाटतं!"

मांडव हसला. शास्त्रीबुवा हसले नाहीत.

तेवढ्यात माजघरातून आवाज आला, "अप्पा, घटिका भरून दहा पळं झाली."

"गप्प बस. पात्र बुडलेलं नाही."

"तुम्हीच शिकवता ना, साठ दीर्घ अक्षरं म्हणायला लागतो तो काळ म्हणजे एक पळ? मी टोलापासून म्हणतेय. पळाला एक दाणा गौरीपुढे ठेवला. साठ कधीच झाले. आता सत्तर, हा एकाहत्तरावा."

"तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. पाठशाळेची भिंत कुडाची आहे, अप्पा."

शास्त्रीबुवा पात्राकडे पाहत राहिले. चूक कबूल करावी तर जन्मभराचा मान जातो. न करावी तर लेक उरते आणि नवरामुलगा विसाजीपंतांच्या पडशीतल्या पत्रिकांना मिळतो. आतून शांतपणे आवाज येत होता, "बहात्तर... त्र्याहत्तर..."

"धरा अंतरपाट!" शास्त्रीबुवा ओरडले.

द्वारकीच्या मामाने तिला जवळजवळ उचलूनच आणलं. मंगलाष्टकं इतक्या घाईने त्या गावात कधी कोणी म्हटली नव्हती. सूर तर मागेच राहिले. माळ पडली ती एकोणिसाव्या पळाला, आणि हेही नवरीनेच सांगितलं. वाजंत्री सुरू झाली. विसाजीपंतांनी पत्रिका पडशीत खोल सारल्या आणि जिलबी दोनदा मागून घेतली.

जेवणं झाल्यावर शास्त्रीबुवांनी पात्र उन्हाकडे धरलं. भोकातून उजेड येईना. तिथे एक पिवळा दाणा रुतून बसला होता, त्यांच्याच हातचा. भक्ती एका दाण्याने जास्त झाली होती. शास्त्रीबुवा मग इतके हसले, की घरातल्यांना आधी काळजीच वाटली.

प्रतिज्ञा त्यांनी पाळली. पुन्हा वेळ सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी पाठशाळेची कुडाची भिंत पाडली आणि वेळ सांगतील अशा मुली तयार करायला बसले.

आजही आंबेखोलची प्रत्येक मुलगी संस्कृत शिकते. लग्नाच्या दिवशी गौरीहराशी बसून ती अक्षरं म्हणते, पळाला एक दाणा ठेवते आणि साठावा दाणा ठेवला की "झालं" म्हणते. सगळ्यांच्या खिशात मोबाईल असतात, फोटोग्राफर घड्याळ दाखवत असतो, तरी त्या एका शब्दावाचून अंतरपाट धरत नाहीत. घटिका कधी चोवीस मिनिटांची होते, कधी सत्तावीसची. मुलीने नवरा स्वतः पसंत केलेला असला तर मात्र ती अठरा मिनिटांतच भरते, असं गुरव सांगतात, आणि अशा वेळी गावात कोणी घड्याळाकडे पाहत नाही.