जांभळीचं रोप बालवाडीत येतं

झाडंच काय, पाणी घालायच्या झाऱ्याही मोकळेपणानं बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. एका रोपवाटिकेत जांभळीचं रोप पिशवीत वाढत होतं. मुळं खाली जमिनीत शिरू नयेत म्हणून सरूबाई दर पंधरवड्याला पिशव्या उचलून हलवायची. तरी या रोपानं पिशवीच्या भोकातून एक मूळ गुपचूप जमिनीत सोडलंच.

"झारीमावशी, मला इथून जायचंच नाही," ते म्हणालं.

झारी हसली. "वेडं कुठलं! वीतभर जागेत वाढणार किती तू?"

एका सकाळी सरूबाईनं पिशवी उचलली आणि ते मूळ तुटलं. रोप बालवाडीच्या अंगणात लावलं गेलं. तिथं ते मान टाकून उभं राहिलं. हिरव्या जाळीची सावली, मावशीची बारीक धार, शेजारच्या पेरूची बडबड आठवायची आणि एकेक पान गळायचं.

मग एक नवी चिमुरडी आली. आई फाटकाबाहेर जाताच ती रोपाला धरून रडू लागली, "मला घरी जायचंय!"

"मलाही," रोप म्हणालं. "पण हळू धर गं, मी अजून पक्कं नाही."

"मग तू पडू नकोस हं," ती हुंदके देत म्हणाली.

त्या दिवशी रोपानं तिथल्या मातीत पहिलं मूळ सोडलं.