उसना रवंथ

"मग उद्या निघू ना, बाबा? गावोगाव जाऊन लोकांना चार गोष्टी सांगाव्यात म्हणतो."

शिष्याचं बोलणं ऐकूनही केवळनाथबाबांनी मान वर केली नाही. मठातली भुरी मेंढी पाय पोटाशी घेऊन पडली होती. बाबा तिची कूस चाचपत होते.

"सारंगा, हिनं सकाळपासून रवंथ केला नाही. काय घातलंस हिला?"

"ज्वारी, बाबा. चांगली पाटीभर. म्हटलं, बिचारीनं वाळक्या काड्या किती दिवस चघळायच्या? एकदा तरी सार मिळू दे!"

धन्य आहे! सगळ्या पोथ्या पाठ, आणि अकलेचा हा उजेड.

"इथं हात ठेव. काय लागतंय?"

"काहीच नाही..."

"आता या म्हातारीच्या कुशीवर ठेव."

शेजारी म्हातारी मेंढी डोळे मिटून चावत बसली होती. सारंगाच्या हाताखाली काहीतरी घुसळलं, वर आलं, ओसरलं. त्यानं दचकून हात काढला.

"आत कोण आहे?"

"कुणास ठाऊक. पण कडब्याचं दूध करणारे कुणीतरी आत राबतात खरे. भुरीच्या पोटातले तू ज्वारी घालून मारलेस."

सारंगाचा चेहरा उतरला. "मरेल का हो ही?"

म्हातारीच्या गळ्यातून एक गोळा वर चढला. बाबांनी चटकन तिच्या तोंडात बोटं घालून तो ओला, आंबूस घास काढला.

"भुरीच्या तोंडात सार. म्हातारीचे राबणारे तिला उसने देऊ."

"उष्टा?" सारंग मागं सरकला. दुसऱ्याच्या तांब्याला तोंड न लावणारा माणूस तो.

...भुरीनं कळ येऊन दात करकरा खाल्ले.

सारंगानं तळहात पुढं केला. घास गरम होता. त्यानं तो भुरीच्या तोंडात खोल सारला. मग दुसरा. मग आणखी एक. पुढ्यात वाळका कडबा टाकला आणि कुशीवर हात ठेवून बसला तो बसलाच. जेवायला उठला नाही.

उन्हं कलली. भुरी तशीच पडून होती.

आणि मग हाताखाली काहीतरी हललं. अगदी हळू. पुन्हा हललं. थोड्या वेळानं भुरीच्या गळ्यातून गोळा वर आला आणि तिचा जबडा फिरू लागला.

"बाबा!" सारंग ओरडलाच. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "देवा रे... एवढं सगळं आत चालतं? आणि आपल्याला पत्ताच नाही! बाबा, आता मी लोकांना काय सांगू?"

"गप बैस," बाबा म्हणाले. "आत काम चाललंय."