नळ कापला सरांनी

विभागप्रमुख घारपुरे सर म्हणजे सूत्र मांडल्याशिवाय जांभईही न देणारे गृहस्थ. उपळेकरबाईंची विद्यापीठातली नोकरी कायम करायची की नाही, हे ठरवायला ते आमच्या तासाला येऊन बसले.

बाई म्हणाल्या, "तारेतली वीज म्हणजे नळातलं पाणी समजा."

सर ताडकन उठले. "हे विद्यापीठ आहे की बालवाडी? अहो, नळ कापला तर पाणी सांडतं. तार कापली तर वीज सांडते का?"

आम्हाला बाईंची काळजी वाटली. त्यांनी मात्र शांतपणे विचारलं, "का नाही सांडत, सर?"

"सर्किट तुटलं की सगळा प्रवाहच थांबतो म्हणून!"

"लिहून घ्या रे, आजचा धडा हाच होता," बाई आम्हाला म्हणाल्या. "आणि सर, वीज का सांडत नाही, हा प्रश्न नळाशिवाय तुम्हाला तरी पडला असता का?"

सर खाली बसले, पेन काढलं आणि आमच्यासारखंच लिहून घेऊ लागले.

बाई कायम झाल्या. आता मीही शिकवतो. दरवर्षी हा धडा आला की मी मनोमन दोघांचेही आभार मानतो. नळ बाईंनी आणला खरा, पण कापला सरांनी.