मुनियाची मैत्रीण चाकात दिसेना

एवढीशी मुनिया होती. अंगठ्याएवढी. चोच लाल, शेपटी काळी.

घैसाससाहेबांची गाडी फुटपाथजवळ उभी असायची. गाडीचं चाक ॲल्युमिनियमचं. लखलख, चकचक. त्या चाकात मुनियाची मैत्रीण राहायची. तीही एवढीशी. तिचीही चोच लाल.

मुनिया म्हणायची, "चिक." मैत्रीण चोच उघडायची. मुनिया मान वाकडी करायची. मैत्रीणही करायची.

एके दिवशी साहेब गाडी लावत होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बिस्किट. चाक फुटपाथला घासलं. खर्रर्र!

कड वाकली. चकाकी गेली. चाक झालं खरबरीत.

"हा फुटपाथ मध्ये आला," साहेब म्हणाले. आणि बिस्किट खात घरी गेले.

मुनिया चाकापाशी आली. "चिक," म्हणाली. चाकात कुणीच नाही. चाकाच्या मागे पाहिलं. तिथेही नाही. मुनियाला रडू आलं.

मुनिया उडाली, फुर्र फुर्र. साहेबांच्या खिडकीत बसली.

"साहेब, साहेब,
चाक काही चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना.
गाडी दुरुस्तीला पाठवा ना."

साहेब म्हणाले, "मी फार कामात आहे." ते नखं कापत होते. "आधी मार्टिनकाकांना पॉलिश करू दे, मग बघू."

मुनिया उडाली, फुर्र फुर्र. गॅरेजच्या गल्लीत गेली. मार्टिनकाका चाकांना पॉलिश करायचे.

"काका, काका,
साहेब गाडी पाठवेना,
चाक काही चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना.
पॉलिश करा ना."

काका म्हणाले, "खरबरीत चाकाला पॉलिश? माझं नाव खराब होईल. आधी शेवंताबाईंना घासू दे, मग बघू."

मुनिया उडाली, फुर्र फुर्र. शेवंताबाई काचपेपरने चाकं घासायच्या.

"बाई, बाई,
काका पॉलिश करेना,
साहेब गाडी पाठवेना,
चाक काही चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना.
चाक घासा ना."

बाई म्हणाल्या, "वाकडी कड घासू? माझा कागद फाटेल. आधी रफीकचाचांना कड ठोकू दे, मग बघू."

मुनिया उडाली, फुर्र फुर्र. रफीकचाचा हातोडीने कड सरळ करायचे.

"चाचा, चाचा,
बाई चाक घासेना,
काका पॉलिश करेना,
साहेब गाडी पाठवेना,
चाक काही चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना.
कड ठोका ना."

चाचा म्हणाले, "वर टायर असताना ठोकू? हातोडी उडून माझ्याच नाकावर येईल. आधी बजरंगला टायर काढू दे, मग बघू."

मुनिया उडाली, फुर्र फुर्र. बजरंग टायरवाला टायरवरच झोपला होता.

"दादा, दादा,
चाचा कड ठोकेना,
बाई चाक घासेना,
काका पॉलिश करेना,
साहेब गाडी पाठवेना,
चाक काही चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना.
टायर काढा ना."

बजरंग म्हणाला, "गाडी कुठाय? टायर काय हवेतून काढू? आधी साहेबांना गाडी पाठवू दे, मग बघू."

आणि पुन्हा झोपला.

साहेब? साहेबांकडे तर ती सगळ्यात आधी गेली होती. मुनिया दमली. तिचे पंख दुखले. तिला राग आला. एवढ्याशा पोटात एवढा मोठा राग.

ती परत आली. साहेबांकडे गेलीच नाही. बिल्डिंगच्या फाटकावर बसली. जो येईल त्याला सांगू लागली.

"दादा टायर काढेना,
चाचा कड ठोकेना,
बाई चाक घासेना,
काका पॉलिश करेना,
साहेब गाडी पाठवेना,
चाक काही चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना.
फुटपाथ म्हणे मध्ये आला."

दूधवाल्याने ऐकलं. तो हसला. तळमजल्यावरच्या आजींनी ऐकलं. त्या तर खोकेपर्यंत हसल्या.

साहेब खाली आले. धोंडूकाका वॉचमनने सलाम केला. अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "साहेब, फुटपाथला फार लागलं नाही ना?"

साहेबांचे कान लाल झाले. आधी एक, मग दुसरा.

मग काय? साहेबांनी गाडी पाठवली, भुर्र. बजरंगने टायर काढला, फुस्स. चाचांनी कड ठोकली, ठण ठण. बाईंनी चाक घासलं, खसर खसर. काकांनी पॉलिश केलं, घुर्र घुर्र.

चाक झालं लखलख, चकचक.

दादा म्हणाला, "माझ्यामुळे." चाचा म्हणाले, "माझ्यामुळे." बाई म्हणाल्या, "माझ्यामुळे." काका म्हणाले, "माझ्यामुळे." साहेब तर सगळ्यात मोठ्याने म्हणाले.

मुनिया मात्र घाईत होती. तिला वेळ कुठे होता? चोचीत गवताचं बी धरून ती चाकापाशी गेली. भूक लागली असेल ना मैत्रिणीला?

मैत्रीण आली होती. तिच्याही चोचीत एक बी होतं.

दोघींनी एकदम खाल्लं.