तीनशे बंदुका आणि दिवाणांचं तळघर

एका डोंगराळ संस्थानात दिवाण भाऊसाहेबांनी नव्या कायद्याचा मसुदा चावडीवर लावला. रयतेनं आपापल्या बंदुका आणि बंदुकीची दारू सरकारात जमा करावी! शेतात भात तयार होतं आणि रानडुकरं टपून बसलेली. तीनशे बंदूकवाल्यांच्या वतीनं शेतकरीण आवडाबाई महाराजांच्या दरबारात गेली.

“बाई, घरात दारू ठेवणं म्हणजे मरण उशाशी घेऊन झोपणं!” दिवाण गरजले.

“खरंय, साहेब. पण एवढं सगळं ठेवणार कुठं?”

“सरकारी कोठारात.”

“त्याचं छप्पर गळतंय. कोरडं, दगडी तळघर अख्ख्या संस्थानात एकच आहे, तुमच्या बंगल्याखाली.”

महाराजांनी मान डोलावली. “उत्तम! उद्याच हलवा.”

दिवाण ताडकन उठले. “महाराज, वरच आमची निजायची खोली आहे! एक ठिणगी पडली तर?”

“घाबरता कशाला, साहेब?” आवडाबाई म्हणाली. “आम्ही साधी माणसं, एकेक मरण उशाशी घेऊन झोपतो. तुम्ही कर्तबगार, तीनशे घेऊन झोपाल.”

महाराज खो खो हसत सुटले. दिवाणांनी मसुद्याची घडी करून खिशात घातली आणि पुटपुटले, “ज्याची बंदूक त्याच्या घरीच बरी.”