धण्याच्या आतली भिंत

धणे बोलायचे आणि माणसं ऐकून घ्यायची, तेव्हाची गोष्ट. गौराक्का कोथिंबिरीचा वाफा करत होती. पेरण्याआधी धणे फरशीवर पसरून चपलेनं हलकेच रगडायचे, म्हणजे एकेकाचे दोन भाग होतात आणि लवकर रुजतात, ही तिची रीत.

एक धणा घरंगळत सुपाखाली लपला. गौराक्कानं त्याला चिमटीत धरून बाहेर काढलं.

"अक्का, मला अख्खाच पेरा! फुटलो तर मरेन हो मी!"

"डोळे मिटून घे."

"मला डोळे कुठे आहेत?"

"मग प्रश्नच मिटला," म्हणत अक्कानं चप्पल फिरवली. कट्!

थोड्या वेळानं एक अर्धं हळूच म्हणालं, "मेलो का मी?"

"अगं आई गं!" शेजारचं अर्धं दचकलं. "तू कोण?"

"मी धण्यात राहतो. तू?"

"मीही तिथेच! माझ्या पाठीशी एक भिंत होती, सारखी थरथरायची."

"माझ्याही! भूकंपच वाटायचा मला."

"म्हणजे भिंतीपलीकडे भीतीनं थरथरणारा तू होतास!" दोघं एकमेकांना म्हणाले.

"अक्का, आम्हाला जवळजवळ पेरा हं," दोघं म्हणाले.

"पेरते की. पण मातीबाहेर आधी डोकं कोण काढणार?"

दोघं एकमेकांकडे वळून एकदम ओरडले, "हा!"